बसून दाखवा

"बस."

"बाई, बसवत नाही."

"पळायला येतं आणि बसायला येत नाही? हे कुठलं दुखणं?"

वैजयंता खरात माझ्यासमोर उभी होती. डावा पाय जरासा बाहेर टाकलेला, सगळं वजन उजव्यावर. सकाळचे सात वाजले होते. शाळेच्या मैदानावर खो-खोच्या आठ चौकोनांपैकी सात भरले होते. सात पोरी उकिडव्या बसून आमच्याकडे बघत होत्या, आणि आठवा चौकोन हिच्यासाठी रिकामा होता. विभागीय स्पर्धा अकरा दिवसांवर आली होती.

"कुठं दुखतं? दाखव."

तिनं वाकून बोट ठेवलं. घोट्यावर नाही, घोट्याच्या चांगली चार बोटं वर, नडगीच्या बाजूला.

"पाय मुरगळला खाली आणि दुखतोय वर? वैजू, नाटक करायचं तर नीट जागा तरी धरावी माणसानं."

दोन-तीन पोरी हसल्या. त्या हसल्या ते मला बरं वाटलं, हे आज वीस वर्षांनी लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

नऊ दिवसांपूर्वी खांबाला हात घालून गर्रकन वळताना तिचा पाय जागेवर रुतला होता आणि अंग तेवढं फिरलं होतं. मी स्वतः तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. सूजही अशी काही मोठी नव्हती. मग मी रोज तेल लावून घोटा चोळला, पट्टी बांधली आणि सहाव्या दिवशी तिला मैदानावर उतरवलं. सरळ रेषेत ती लंगडत का होईना, पळत होती. चौकोनात बसायची वेळ आली की मात्र तोंड पांढरं पडायचं. माझ्या डोक्यात हिशेब साधा होता. ज्याचं हाड मोडलेलं नाही त्यानं खेळायचं. मला असंच शिकवलं होतं आणि मी असंच शिकवत आले होते.

"वीस उठबशा काढ," मी म्हटलं. "सांधा आखडलाय तुझा. मोकळा होईल."

"बाई, खरंच नाही होत."

"वैजू, मी एकदाच सांगते."

मी माझ्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. ती खुर्ची जिल्ह्यात माहीत होती. बाबरबाई मैदानावर आल्या की आधी खुर्ची येते, मग बाई येतात, असं बाकीचे शिक्षक चेष्टेनं म्हणायचे. मुलींना वाटायचं, बाईंचा रुबाब आहे.

वैजूनं माझ्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही तिनं, हळूच म्हणाली, "तुम्ही एकदा बसून दाखवा की, बाई. तुम्ही कधीच बसून दाखवत नाही."

मी खुर्चीतून उठले आणि तिच्या कानाखाली वाजवली.

मी हात पाठीमागं घेतला. वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं दात आवळले आणि खाली बसली.

"एक," मी मोजलं.

दोन. तीन. सातव्याला तिनं हात जमिनीला टेकले. मी म्हटलं, हात नकोत. बारा झाल्यावर ती थांबली आणि नुसतं डोकं हलवलं.

"राहिलेल्या आठ उद्या," मी म्हटलं. "आता खांबापर्यंत पळ, वळ आणि परत ये."

ती पळाली. खांबाला हात घातला, वळली आणि कुणीतरी पायाखालची सतरंजी ओढावी तशी पडली. ओरडली नाही. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती मूठभर माती हातात आवळून पडली होती आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं.

---

दुपारी आम्ही मिरजेला होतो. वैजूचे वडील एसटीत ड्रायव्हर, ते लांबच्या गाडीवर गेले होते. जीपमध्ये मी, वैजू आणि तिची आई शालन. शालन ब्लाउज शिवायची. वाटेत ती मुलीचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी तो वर उचलून धरायची.

डॉक्टर मगदूम म्हणजे पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला आधीच राग येतो. त्यांनी घोट्याला हातसुद्धा लावला नाही. वर पोटरीच्या मध्यावर दोन्ही हातांनी दाबलं, आणि वैजू खाली घोट्यापाशी कळवळली.

"उभी राहशील? धरतो आम्ही," ते म्हणाले. "एक्स-रे उभं राहूनच काढायचा."

दोन्ही पायांचा एकत्र काढला. तो उजेडाच्या पेटीवर लावला तेव्हा मला कळायला वेळ लागला नाही. उजव्या पायात नडगीची दोन हाडं खाली एकमेकांना चिकटून होती. डाव्या पायात त्यांच्यामध्ये फट होती.

"आधीचा एक्स-रे झोपवून काढला होता. भार नसला की फट दिसत नाही. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "गेल्या नऊ दिवसांत काय काय केलंत?"

"चोळत होते. पट्टी बांधत होते," मी म्हटलं.

"आज उठबशा काढल्या," वैजू छताकडे बघत म्हणाली. "बारा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुणी सांगितल्या?"

शालन माझ्याकडे बघत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि पळून जाता येत नसलं की मी भांडते.

"मी सांगितल्या. हाड शाबूत होतं, एक्स-रेत लिहिलं होतं. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"हाड शाबूतच आहे, मॅडम. ही दोन हाडं जिथं बांधलेली असतात ती बांधणी तुटलीय. साधा मुरगळा घोट्याच्या खाली असतो, हा वरचा आहे. दोन फळ्या घट्ट बांधल्यात आणि मध्ये पाचर आहे असं समजा. माणूस उकिडवा बसला की ती पाचर वर घुसते आणि फळ्या फाकवते. म्हणजे या दुखण्यात जे एक करायचं नाही, ते तुम्ही बारा वेळा करून घेतलंत."

"मी स्वतः अशाच पायावर नॅशनल खेळलेय," मी म्हटलं. माझा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला असणार. "एकोणीसशे एक्क्याऐंशी साली. असाच मुरगळला होता, असाच वर दुखत होता. चौथ्या दिवशी उतरले मैदानावर. मला काही झालं नाही."

डॉक्टरांनी माझ्या पायांकडे बघितलं. अगदी शांतपणे, दुकानात माप घेतात तसं.

"आता खाली बसता येतं तुम्हाला?"

"माझा काय संबंध इथं? पेशंट कोण आहे?" मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

जिन्याच्या पायरीवर बसून मी डॉक्टरला, तालुक्याच्या दवाखान्याला, त्या एक्स-रेला आणि वैजूलासुद्धा मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाच मिनिटांनी शालन बाहेर आली आणि माझ्या समोर उभी राहिली.

"बाई, ऑपरेशन करायचं म्हणत्यात. पोरगी परत पळंल का न्हाई, एवढं इचारायचं व्हतं मला. तुमी भांडत बसला आन ते राहूनच गेलं."

मी पायरीवरून उठले.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "आमचं आमी बघतो."

---

ऑपरेशन सूज उतरल्यावर, पाचव्या दिवशी झालं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. बाकड्याच्या एका टोकाला शालन, दुसऱ्या टोकाला मी. वैजूच्या वडिलांनी एकदा येऊन नमस्कार केला आणि ते खाली जाऊन उभे राहिले.

डॉक्टर बाहेर आले. घोट्याच्या वर, एका हाडातून दुसऱ्या हाडात स्क्रू घातला होता. मधली फट मिटली होती. शालननं लगेच विचारलं, आणि या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

"पळेल का परत?"

"सांगितलेलं तंतोतंत पाळलं तर पळेल. आज खात्री देत नाही. सहा आठवडे हे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. मग बूट घालून हळूहळू भार द्यायचा. तीन महिन्यांच्या आसपास स्क्रू काढू. मैदानाचं नाव सहा महिन्यांनी काढा, तेसुद्धा पाय तयार असेल तर. त्याच्या आधी टेकवला, आपटला, वाकवला, तर स्क्रू मोडेल, फट परत उघडेल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

"पाळतो सगळं," शालन म्हणाली.

"आणि उकिडवं बसायचं नाही. अजिबात नाही. संडासलासुद्धा. घरात कमोड आहे?"

शालननं पदर तोंडाला लावला. "कमोड कुठला डॉक्टरसाहेब? आमच्या अख्ख्या गल्लीत न्हाई."

"मग काहीतरी सोय करा. आठ दिवसांत ती घरी येईल. या एका गोष्टीवर पेशंट घसरतात. बाकी सगळं पाळतात आणि तिथं एका पायावर तोल सांभाळायला जातात."

त्या आठ दिवसांत मी रोज रात्री ठरवत होते आणि सकाळी माघार घेत होते. आठव्या दिवशी संध्याकाळी मी रिक्षा बोलावली.

---

खरातांचं घर एसटी स्टँडच्या मागं होतं. रिक्षातून मी चादरीत गुंडाळलेली वस्तू उतरवली. शालन दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"बाई, तुमी जे काय असंल ते हितनंच बोला."

"बोलायला नाही आले. हे द्यायला आले."

मी चादर काढली. सागवानी खुर्ची, बैठकीला मधोमध गोल भोक, खाली डबा ठेवायला फळी. दोन्ही हात मजबूत, धरून उठता यावं असे.

शालन खाली आली. तिनं खुर्ची हलवून बघितली, डुगडुगते का ते पाहिलं. मग हातांवरून बोटं फिरवली. तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"ही कुणाची?"

"आईची. आईसाठी करून घेतली होती."

"तुमच्या आईच्या मातीला मी आलते, बाई. पंधरा वर्सं झाली त्याला." ती अजून लाकडावर बोट फिरवत होती. "ही खुर्ची तर रोज वापरल्यावानी हाय."

ती शिंपीण होती. कापड वापरलेलं की ठेवणीतलं हे तिला हात लावून कळायचं, लाकडाचंही कळलं. मी रिक्षावाल्याकडे बघितलं. तो पुढं जाऊन विडी ओढत होता.

"माझी आहे," मी म्हटलं. "मला बावीस वर्षं खाली बसता येत नाही."

आतून आवाज आला, "काय म्हणाल्या बाई?"

दारातून खाट दिसत होती. वैजू दोन उशांवर पाय ठेवून, भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शालननं मला अडवलं नाही आणि आत या असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले.

"तुम्हाला बसता येत नव्हतं?" वैजूनं विचारलं.

"नाही."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून नाही."

"मग मला मारलं कशाला?"

उत्तर एकच होतं आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

"म्हणूनच मारलं," मी म्हटलं.

मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगलीला नॅशनलचा सराव चालू होता, मी एकवीस वर्षांची होते. खांबावर वळताना पाय असाच रुतला. भोसेकर सरांनी विचारलं, हाड मोडलंय का? नाही म्हटलं. मग बस, म्हणाले. मी म्हटलं, बसवत नाही. सरांनी मारलं नाही, फक्त सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, इंदू बाबरला आता पाट मांडा. त्या हसण्याला घाबरून मी बसले. नॅशनल खेळले, पदक आणलं, सरांनी पेढे वाटले. वर्षभरात उकिडवं बसणं संपलं. सुताराला खोटं सांगून खुर्ची करून घेतली. मैदानावर दुसरी खुर्ची आली, तिला लोक रुबाब म्हणायला लागले आणि मी म्हणू दिलं. कुणी विचारलं की सांगायचे, अशाच पायावर खेळले, मला काही झालं नाही. इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

"मला राग सरांचा होता," मी म्हटलं. "बावीस वर्षं होता. तो काढला तुझ्यावर."

शालननं खुर्ची उचलली आणि आत नेली. खाटेशेजारी ठेवली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मऊ झालेला नव्हता, पण ती एवढं म्हणाली, "ही हिला दिली तर तुमी काय करणार?"

"बघीन काहीतरी."

पुढच्या सहा आठवड्यांत मी काय काय केलं ते इथं सांगत नाही. पण हातपंपाची दांडी, दोरी आणि एक स्टूल यांच्यावर मी एक पुस्तक लिहू शकले असते.

मी निघाले तेव्हा वैजूनं हाक मारली.

"बाई, मारलं सगळ्यांसमोर. मग बसून पण सगळ्यांसमोर दाखवा."

"अगं, आत्ताच सांगितलं ना? मला येत नाही."

"मला पण येत नव्हतं," ती म्हणाली.

---

ती रागावरच बरी झाली, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतील बांधणी नीट जुळली, शालन म्हणेल देवाची कृपा. मी मात्र रोज संध्याकाळी त्या उंबऱ्यावर जाऊन बघत होते. सहा आठवडे तिनं पाऊल जमिनीला लागू दिलं नाही. घरातल्या घरात कुबड्यांवर उड्या मारत जायची, दिवाळीत पोरी फटाके उडवत होत्या तेव्हाही दारात एका पायावर उभी राहून बघत होती. त्याच सुमारास भार द्यायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी पाय टेकवताना ती रडली. मारलं तेव्हा रडली नव्हती, तेव्हा मात्र रडली. पोटरी एवढी वाळली होती की शालननं मोजपट्टी लावली आणि दुसऱ्या पायापेक्षा किती कमी ते भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. दर रविवारी परत मोजायची.

टॉवेल पावलात अडकवून ओढायचा, दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या. एकदा मी सवयीनं मोजायला लागले.

"तुम्ही मोजू नका," वैजू म्हणाली. "मी मोजते."

मी मोजायचं बंद केलं.

स्क्रू काढायला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. शालननं या वेळी जीपमध्ये माझ्यासाठी जागा ठेवली होती. डॉक्टरांनी स्क्रू एका बाटलीत घालून वैजूच्या हातात दिला आणि मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमचाही एक काढूया का? उभ्यानं?"

मी उभी राहिले. उजेडाच्या पेटीवर माझा पाय लागला. दोन हाडांमध्ये तीच फट होती, फक्त तेवीस वर्षं जुनी. आणि खाली सांध्यात जिथं पोकळी दिसायला हवी तिथं ती उरलीच नव्हती, हाड हाडावर घासत होतं.

"आता काय करता येईल?"

"दुखणं कमी करता येईल. लागलं तेव्हाच दाखवायला आला असतात तर हा पाय वाचला असता."

भोसेकर सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या तेराव्याला मी भाषण केलं होतं, सरांनी मला घडवलं असं म्हटलं होतं, आणि लोकांनी डोळे पुसले होते. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी ते भाषण शब्दन्‌शब्द आठवत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. भांडायला माणूसच उरला नव्हता.

"बाई, पानी प्या," शालन म्हणाली आणि बाटली पुढं केली. तिनं बाकी काही विचारलं नाही.

---

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. पळ, वळ, बस, सगळं. वैजूची दहावीची परीक्षा तोंडावर होती, त्या वर्षीचे सामने कधीच होऊन गेले होते आणि तिच्याशिवाय आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो होतो. दहावीनंतर ती माझ्याकडे खेळणार नव्हती. इस्लामपूरच्या कॉलेजचा संघ तिला घेणार होता, हे शालननं मला सरळ तोंडावर सांगितलं होतं आणि मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. तरी ती एक सकाळ मैदानावर आली. का आली ते मला माहीत होतं.

सात पोरी चौकोनात होत्या, आठवा रिकामा होता. शालन मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभी होती. मी खुर्चीवर बसले होते.

वैजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही पायांवर सारखं वजन. घोट्याच्या वर बोटभर लांबीचा व्रण होता.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

माहीत असूनही एक आशा होती, सहा महिन्यांत ती विसरली असेल. किंवा तिला दया आली असेल. मी खुर्चीतून उठले. साडीचा पदर खोचला. सात पोरी बघत होत्या. माझं डोकं गरम झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला परत एकदा तिच्या कानाखाली मारावंसं वाटलं.

"पोरींनो," मी म्हटलं, "ऑगस्टात मी वैजूला इथं मारलं. ती म्हणाली होती, बसून दाखवा. मला बसता येत नव्हतं. आजही येत नाही. बघा."

मी चौकोनात गेले आणि खाली वाकले. अर्ध्यावर गेले तोवर डाव्या पायात कुणीतरी पहार घालावी तशी कळ आली. टाच आपोआप उचलली गेली. मी तरी रेटलं. तोल गेला आणि मी धपकन मातीत पडले, एक हात खाली, साडी गुडघ्यापर्यंत वर.

कुणी हसलं नाही. ज्या दोघी-तिघी ऑगस्टात हसल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. शालन बाभळीखालून दोन पावलं पुढं आली आणि थांबली. वैजूनं मला हात दिला नाही. मीही मागितला नाही. मी तिथंच मातीत बसून राहिले.

वैजू माझ्या शेजारी आली. पाय खांद्याइतके फाकवले, हात पुढं केले आणि हळूहळू खाली गेली. पार खाली. मी तिच्या टाचेकडे बघत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर होती ती. डावी टाच जमिनीला पूर्ण टेकली होती. तिच्याखालून कागदसुद्धा गेला नसता.

ती तशीच बसली. मग उठली.

"तेरा," ती म्हणाली.

परत खाली. परत वर.

"चौदा."

पंधरा. सोळा. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. सतरा. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर खांबाकडे बघत होती. अठरा. एकोणीस.

"वीस," ती म्हणाली. उभी राहिली, हात झाडले आणि मग माझ्याकडे बघितलं. "झाल्या, बाई."

मग ती बाभळीकडे चालत गेली. चालताना ती जराही लंगडत नव्हती.